अंगावरचा कोट माझाच होता

मॅडमनी मागून येऊन माझ्या मानेपाशी हात घातला आणि कोटाची कॉलर उलटी केली.

स्टाफरूम भरलेली होती. जानेवारीतली सकाळ, बेळगावची थंडी, प्रार्थनेला अजून दहा मिनिटं. सात-आठ शिक्षिका चहाचे कप घेऊन उभ्या होत्या. मी नुकतीच गावाबाहेरच्या पिरनवाडीहून बसनं आले होते आणि डबा कपाटात ठेवत होते. मॅडम म्हणजे आमच्या संस्थेच्या सेक्रेटरींच्या पत्नी. शाळेच्या कागदांवर त्यांचं नाव कुठंच नाही, पण त्यांच्या मर्जीशिवाय शाळेत पान हलत नाही. त्यांनी एक बोट कॉलरच्या आत सरकवलं आणि आतली कापडी पट्टी चाचपली. चष्मा गळ्यात लोंबत होता. तो डोळ्यांवर चढवायची त्यांना गरज वाटली नाही.

"हा माझा कोट आहे," त्या म्हणाल्या. "लंडनहून आणलेला. मी गंगाक्काला दिला होता, तिच्या मुलीसाठी."

गंगाक्का म्हणजे आमच्या शाळेतली आया. झाडलोट, संडास, पाणी, सगळं तिच्याकडं.

"फिरा बघू," मॅडम म्हणाल्या.

मी फिरले.

हे लिहिताना अजून लाज वाटते. एकोणचाळीस वर्षांची बाई. एमएस्सी, बीएड. नववी-दहावीला विज्ञान शिकवणारी. कुणी फिरा म्हटलं म्हणून सगळ्यांच्या देखत गोल फिरले.

"गंगाक्कानंच दिला ना तुम्हाला?"

"व्हय मॅडम."

शाळेत मी कधी व्हय म्हणत नाही. होय म्हणते, येस म्हणते. त्या दिवशी व्हय निघालं.

मॅडम एकदम खूश झाल्या. असू दे, असू दे, म्हणत त्यांनी माझा खांदा थोपटला. छान बसलाय म्हणाल्या. त्यात लाजायचं काय, गरज असली तर आयाच्या हातून कशाला, थेट मला सांगायचं, माझी कपाटं भरून वाहतात, असंही म्हणाल्या. मग बाकीच्यांकडं बघून हसल्या. बाकीच्याही हसल्या. वाईट हसल्या असं नाही. एखाद्या गरिबाचं काम झालं की माणसं हसतात, तसं हसल्या. ते जास्त लागलं.

कोट माझा होता. माझ्या पगारातून, माझ्या मापानं मागवलेला. मॅडमकडं तसाच दिसणारा एक होता हे मला ठाऊकही नव्हतं. आणि एका शब्दात मी तो देऊन टाकला.

पुढचे दोन तास मी वर्गात आम्ल आणि अल्कली शिकवलं. काय शिकवलं ते आठवत नाही.

व्हय का म्हणाले, याचं उत्तर शोधायला मला लहानपणीच्या निपाणीला जावं लागतं.

माझी आई विड्या वळायची. सकाळी मांडीवर सूप घेतलं की दिवस मावळेपर्यंत ते खाली उतरायचं नाही. हंगामात ती तंबाखूच्या वखारीतही जायची, चाळायला. वखारीच्या मालकांचं मोठं घर होतं. दिवाळी झाली की त्या घरून कामावरच्या बायकांना बोलावणं यायचं, पोरंबाळं घेऊन या म्हणून. पुढच्या दारानं नाही, मागच्या. मालकीणबाई पायरीवर उभ्या राहायच्या, आम्ही खाली अंगणात. वर्षभराचे जुने कपडे चादरीत बांधलेले असायचे. त्या एकेक काढायच्या आणि बोट दाखवायच्या, तू ये. फ्रॉक तिथंच, अंगातल्या कपड्यांवरूनच चढवायचा. मग त्या म्हणायच्या, "फिर गं. फिर." मी फिरायचे. बसला की त्यांना बरं वाटायचं. नाही बसला तरी द्यायच्याच.

आईनं मला त्या अंगणासाठी एवढंच शिकवलं होतं. आधी व्हय म्हणायचं, काय दिलंय ते मागनं बघायचं. कधी चेन तुटलेली असायची, कधी काखेत फाटलेलं. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात होती. स्वतःचा फ्रॉक ओळखला की ती सगळ्यांना सांगायची, हा माझा आहे. मग माझ्याकडं बघायची. मी व्हय म्हणायचे. खरंच तिचा असायचा, नाही कुठल्या तोंडानं म्हणणार?

आईला मी दोष देत नाही. थंडी असायची आणि अंगात काहीतरी लागायचं. पण नवं कापड ती वर्षातून एकदा घ्यायचीच. चौदा एप्रिलला. पांढरंशुभ्र. कुठून आणायची देव जाणे, आणि देव तर आमच्याकडं नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पुतळा आहे, निळा कोट घातलेला. लहान असताना मी एकदा आईला विचारलं होतं, त्यांना कोट कुणी दिला? आईनं सूप खाली ठेवलं होतं, ते मला आठवतं. म्हणाली, "कुणी देतंय व्हय? शिकले, घेतला, घातला."

मी पुढं शिकले. पण घेऊन घालायचं राहिलं. नोकरी लागल्यावरही मी साड्याच नेसायचे, बहिणीच्या, नणंदेच्या, सेलमधल्या. कापडाच्या दुकानात शिरायचं म्हटलं की पाय जड व्हायचे. काउंटरमागचा माणूस आधी पायातलं बघतो, मग तोंडाकडं, मग ठरवतो कुठला गठ्ठा सोडायचा. बेळगावात काय, सगळीकडंच.

मला या कपड्यांच्या नादाला लावलं मंगलनं. मंगल निपाणीच्या आमच्याच गल्लीतली, मस्कतला दवाखान्यात नर्स आहे. तिथून सुट्टीवर आली की तिच्या अंगावरचे कपडे बघून मला वाटायचं, ही किती कमावते कोण जाणे. एकदा मी विचारलंच. ती हसायला लागली. तिनं माझा फोन घेतला आणि मला एका ग्रुपमध्ये घातलं.

जगभरातल्या बायकांचा ग्रुप. कामच एक, थोडक्या पैशांत चांगलं कसं घालायचं. कुठल्या देशातला कुठला कारखाना किरकोळीत माल देतो, कुठला फोटो खोटा, कुठलं कापड दोन धुण्यांत चिंधी होतं. इंग्रजी जवळपास सगळ्यांचंच मोडकं, त्यामुळं माझी भीड लवकर चेपली. तिथले कायदे कडक होते. साईज लिहायची नाही, टेप घेऊन सेंटिमीटर लिहायचे. कपडा आला की आधी आतून उलटा करून शिलाईचा फोटो टाकायचा. दोष पहिल्यांदा, कौतुक मागाहून.

मलेशियातल्या पेनांगची एक बाई पंधरा-वीस जणींची मागणी गोळा करून एकदम मागवायची. मग स्वस्त पडायचं. माझं पार्सल मंगलच्या मस्कतच्या पत्त्यावर जायचं आणि ती सुट्टीला येताना बॅगेतून आणायची. म्हणजे एकेका कपड्याची मी सहा-सहा महिने वाट बघितलीय. एकदा झोकात गाऊन मागवला. आला तो नणंदेच्या सहावीतल्या पोरीला बसला. दोष माझाच, मी छातीचं माप श्वास धरून घेतलं होतं. ग्रुपमधल्या बायका आठवडाभर हसत होत्या, आणि मीही.

लग्न झाल्यावर आम्ही बेळगावातच, अनगोळात भाड्यानं खोली बघायला गेलो होतो. नाव सांगितलं. मग पूर्ण नाव विचारलं. मग गाव. मग गावात कुठली गल्ली. मग कळलं की खोली कालच कुणालातरी दिली. अशा चार खोल्या कालच दिलेल्या निघाल्या, तेव्हा आम्ही पिरनवाडीला गेलो. त्या ग्रुपमध्ये पहिल्या दिवशी मला विचारलं, खांदा किती? बाही किती? उंची किती? एवढंच. मला पुढचा प्रश्न येईल असं वाटत होतं. आला नाही.

तिथं सगळं चांगलंच होतं असं मी म्हणणार नाही. एवढ्या स्वस्तात एवढा कपडा येतो म्हणजे कुठंतरी कुणीतरी नगावर बसलेलं असणार. आईला हजार विड्यांमागं मिळायचं, त्या बाईला दहा कोटांमागं मिळत असेल. हा विचार कोट घालताना येतो. जात नाही.

तर कोट. बिस्किटी रंगाचा, गुडघ्यापर्यंतचा, पातळ. मी तो तीन महिने फोनवर बघत होते. पेनांगच्या बाईनं स्वतःहून सांगितलं, कापड ठीक आहे, बटणं भिकार आहेत, बदल. दिवाळीत मंगल घेऊन आली. मी खडेबाजारात जाऊन लाकडी बटणं आणली. बाह्या दोन बोटं लांब होत्या, त्या आतून दुमडून हातानं शिवल्या. आरशासमोर उभं राहून फोटो काढला आणि मान कापून ग्रुपवर टाकला. केनियातली एक शिक्षिका आहे, तिनं लिहिलं, चेहरा कुठाय? दुसऱ्या दिवशी मी चेह‍ऱ्यासकट टाकला. तिनं लिहिलं, खांदा बरोबर बसलाय, अवघड तोच असतो.

मला रडू आलं होतं. हसू नका. माझ्या चाळिशीपर्यंत माझ्या खांद्यावर बरोबर बसलेला तो पहिला कपडा होता.

आणि जानेवारीत मी तो मॅडमचा आहे म्हणून सांगितलं.

त्या दिवशी घरी येताना मी मनाशी म्हटलं, जाऊ दे. कोट तर आपल्या अंगावर आहे. कुणाचा म्हणायचा तो म्हणू देत. मी दमलेली होते. वर्षानुवर्षं एकेक गोष्ट खोडत बसायचं म्हणजे माणूस दमतो. नऊ वर्षं मी त्या शाळेत दर जूनला नवी ऑर्डर घेऊन शिकवत होते. अकरा महिन्यांची नोकरी, परत अर्ज, परत नऊ वर्षांपूर्वीच्याच पगारावर सही. एका कोटासाठी कुठं तोंड उघडायचं?

तीन दिवसांनी गंगाक्का प्रयोगशाळेत आली. मी परीक्षानळ्या धूत होते. ती दारातच उभी राहिली. रडत नव्हती. रागावलेलीही दिसत नव्हती. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी बाई, मला बाई म्हणते.

"बाई, मी तुमास्नी कोट दिलता व्हय?"

"न्हाय."

"मग तुमी कशाला व्हय म्हनलासा?"

माझ्या हातात नळी होती. ती मी स्टँडला लावली आणि हात पुसले.

मग तिनं सांगितलं. मॅडमनी तिला बोलावून घेतलं होतं. मुलीसाठी दिलेला कोट तू शिक्षिकेला विकलास, आम्ही प्रेमानं देतो आणि तुम्ही त्याचा बाजार मांडता, असं सुनावलं होतं. कन्नडमधून सुनावलं, मग समजलं नसेल म्हणून मराठीतून. गंगाक्कानं विकला नाही म्हणून सांगितलं. मग कुठाय तो, दाखव, म्हणाल्या. ती गप्प बसली. कारण कोट तिच्याकडं होता आणि नव्हता. मुलीला तो बसला नव्हता. तिनं तो उसवला, आणि घरातल्या जुन्या लुगड्यांबरोबर वाकळेत घालून शिवून टाकला. लंडनचा कोट गंगाक्काच्या घरी अंथरायला-पांघरायला होता.

"आता मॅडमास्नी काय वाकळ न्हेऊन दावू?" ती म्हणाली. "सोमवारपास्नं येऊ नगं म्हनल्यात."

मी म्हटलं, माझी चूक झाली आक्का.

"तुमी शिकल्याली मान्सं. तुमाला उद्या दुसरी शाळा गावंल. मला कोण ठेवून घेनार?" ती म्हणाली, बादली उचलली आणि गेली. घंटा झाली होती, मुतारी धुवायची होती.

मला वाटत होतं, मी व्हय म्हटलं त्याचा त्रास फक्त मला झाला. माझं माझ्याशी. आता कळलं, तसं नसतं. आपण खाली बसलो की आपल्या खालचा चिरडला जातो. हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं, आणि मी बरीच वाचली आहेत. सभांमधून भाषणंही ठोकली आहेत. हात दाखवून अवलक्षण ते हेच.

संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं. तो उद्यमबागेतल्या एका कारखान्यात टर्नर आहे, बोलतो कमी. जेवता जेवता म्हणाला, "गंगाक्काचं वाईट झालं. पर तू आता काय सांगायला जाशील, तर तुझंबी जाईल. बघ बाई." तो भित्रा नाही. कारखान्यात एकदा संपात पुढं होता, मग वर्षभर घरी होता. त्याला किंमत माहीत आहे.

मी भांडी घासली आणि ग्रुपवर लिहिलं. कपड्यांव्यतिरिक्त मी तिथं कधी काही लिहिलं नव्हतं. जे झालं ते मोडक्या इंग्रजीत सरळ लिहिलं. पेनांगच्या बाईनं रागाच्या चार ओळी टाकल्या. केनियाच्या शिक्षिकेनं लिहिलं, माझ्या शाळेतही अशी एक आहे. मग एक फिलिपिन्सची मुलगी आहे, कुवेतला एका घरी कामाला. ती कधी काही विकत घेत नाही, नुसती बघत असते. तिनं लिहिलं, माझी मॅडम दर शुक्रवारी माझी बॅग जमिनीवर उलटी करते. काही सापडत नाही. मी सगळं परत भरते आणि म्हणते, थँक यू मॅडम. मी थँक यू का म्हणते ते मला माहीत नाही.

मी ते तीन-चार वेळा वाचलं. निपाणीच्या अंगणातली मी, बेळगावच्या स्टाफरूममधली मी, आणि ती, कधी न बघितलेली. तिला मी उत्तर लिहायला घेतलं. काय लिहिणार? तू म्हणू नकोस असं लिहायला मला तोंड नव्हतं. आधी मला स्वतःला कुठंतरी नाही म्हणायला पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी मी कोट घालून गेले. शाळा सुटल्यावर हेडमास्तरांच्या खोलीत मॅडम बसलेल्या होत्या. हेडमास्तर होते, ऑफिसमधला कारकून होता. मी बसले नाही. बसा कुणी म्हणालंही नाही.

मी म्हटलं, "मॅडम, हा कोट माझा आहे. मी विकत घेतलेला. त्या दिवशी मी खोटं बोलले. गंगाक्कानं मला काही दिलेलं नाही आणि काही विकलेलं नाही."

मॅडम शांतपणे हसल्या. तुम्ही तिला वाचवायला बघताय, म्हणाल्या. मग मान जराशी वाकडी करून म्हणाल्या, "ती तुमच्यातली आहे का?"

गंगाक्का कुठल्या जातीची आहे हे मॅडमना पक्कं माहीत होतं. माझीही माहीत होती. मी फोन काढला आणि हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवला. नोव्हेंबरमधले फोटो. कोट पिशवीतून काढलेला, घडीच्या सुरकुत्यांसकट. जुनी बटणं, नवी बटणं. लांब बाह्या, दुमडलेल्या बाह्या. मान कापलेला फोटो आणि चेहऱ्यासकट फोटो. मला हे दाखवायची चीड येत होती. माझा कपडा माझा आहे याचा पुरावा मी कशाला द्यायचा? पण पुरावा माझ्यासाठी नव्हता, गंगाक्कासाठी होता. म्हणून दिला.

हेडमास्तरांनी बघितलं आणि फोन मॅडमच्या हातात दिला. या वेळी मॅडमनी चष्मा लावला. बोटानं ग्रुपमधले पुढचे फोटो सरकवत गेल्या. पेनांगच्या बाईच्या अंगावर तोच कोट होता. केनियाच्या शिक्षिकेच्याही. कुणाचा करडा, कुणाचा काळा, बिस्किटी तर पाच-सहा. खाली किंमत लिहिलेली.

"हे सगळे कोण?"

"कपडे घेणाऱ्या बायका," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा तेव्हा बदलला. मी खोटं बोलले याचा त्यांना राग आला नव्हता, उलट त्या खोट्यानं त्यांना सुख झालं होतं. लंडनहून आणलेला आणि हा एकाच बेताचा निघतो, एवढ्या थोडक्या पैशांत, आणि तो न मागता माझ्या अंगावर येऊ शकतो, हे त्यांना सोसेना. त्यांच्या कपाटातून गेल्याशिवाय आमच्यापर्यंत चांगलं काही येतं, हे त्यांच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

"मग त्या दिवशी होय का म्हणालात?" त्यांनी विचारलं.

"सवयीनं," मी म्हटलं. "भीतीनं न्हाय. लहानपणापास्नंची सवय होती."

माझी भाषा निपाणीची झाली होती. होऊ दिली.

मॅडमनी फोन टेबलावर परत सरकवला. मग हळू आवाजात, समजुतीनं बोलल्या. त्या रागावल्या की हळूच बोलतात. झालं ते झालं. संस्थेची दिशाभूल झाली, त्याबद्दल तुम्ही चार ओळींची माफी लिहून द्या. आणि शिक्षिकेनं साधं राहावं, पालक बघतात, हा कोट शाळेत नको. तुम्ही लिहून दिलंत की गंगाक्काचंही बघू. ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं, असंही पुटपुटल्या.

कारकुनानं कोरा कागद माझ्यापुढं सरकवला. पेनही.

खरं सांगते, मी पेन उचललं होतं. चार ओळी. गंगाक्का सोमवारी कामावर. जूनमध्ये माझी ऑर्डर. घरी जाऊन झोपायचं. मी इतकी दमले होते की त्या कागदावर डोकं ठेवावं वाटलं. पेनाचं टोपण काढलं आणि मनात ओळ जुळवली, माझ्या चुकीमुळे संस्थेला. तिथंच अडकले. संस्थेला काय झालं होतं? संस्थेला काहीच झालं नव्हतं. झालं होतं ते गंगाक्काला.

मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, "माफी मागायची आहे. गंगाक्काची. तिला बोलवा."

कुणी हललं नाही. मीच दाराशी गेले. गंगाक्का व्हरांड्यात फरशी पुसत होती. मी तिला आत घेऊन आले. तिचे हात ओले होते, पदराला पुसत ती दाराच्या आत एक पाऊल उभी राहिली. मी सगळ्यांच्या देखत म्हटलं, "आक्का, मी खोटं बोललो. तुमची नोकरी माझ्यामुळं अडचणीत आली. चूक माझी हाय. मला माफ करा." आणि मॅडमकडं वळून म्हटलं, "याच्यापुढं माझ्याकडं माफी शिल्लक नाही. लिहून तर नाहीच."

गंगाक्का गोंधळून सगळ्यांकडं बघत होती. मग कुणी न विचारता तीच म्हणाली, "त्यो तुमचा कोट मी वाकळंत घातला मॅडम. लई ऊब हाय त्येला." तिला ते चांगलंच सांगायचं होतं.

हेडमास्तर खोकले. ते व्यवहारी माणूस. सकाळी साडेसहाला फाटक उघडून त्या पगारात संडास धुणारी दुसरी बाई कुठून आणायची, हा हिशेब त्यांना येत होता. सोमवारी ये गं, म्हणाले. मॅडम उठून गेल्या.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. स्टाफरूममध्ये माझ्याशी बोलणं कमी झालं. चहाचा कप माझ्यापर्यंत यायच्या आत संपायला लागला. एक शिक्षिका, भली बाई, मला जिन्यात गाठून म्हणाली, एवढं ताणायची काय गरज होती? मी म्हटलं, गरज असती तर मॅडमच्या कपाटात मिळाली असती.  गंगाक्कानंही माझे आभार मानले नाहीत, मानायला नकोतच. घाण मी केली होती, मीच काढली. ती मला बघून मान हलवते, कामाला लागते.

कोट मी रोज घातला. फेब्रुवारी संपत आला, उन्हं चढली, पाठीवरून घामाच्या धारा लागायच्या, तरी घातला. पोरं हसायची. एका मुलीनं विचारलं, मॅम, उकडत नाही का? मी म्हटलं, लई उकडतंय.

त्या कुवेतच्या मुलीला मी शेवटी उत्तर लिहिलं. काय झालं तेवढंच लिहिलं. उपदेश केला नाही. तिनं हृदयाचं चित्र पाठवलं आणि विचारलं, मग नोकरी राहिली का?

एप्रिलमध्ये जूनपासूनच्या ऑर्डरींची यादी लागली. तीत माझं नाव नव्हतं. मी तीन शाळांत अर्ज टाकले आहेत. एकीनं मुलाखतीला बोलावलं आणि पूर्ण नाव विचारलं. मी ठासून सांगितलं. अजून कळवलेलं नाही. नवरा काही म्हणत नाही, पण जास्तीच्या शिफ्ट घ्यायला लागलाय. मला दिसतं.

काल दुपारी जुन्या शाळेतून कारकुनाचा फोन आला. विज्ञानाला अजून कुणी मिळालेलं नाही. तो म्हणाला, मॅडमचं मन मोठं आहे, त्या विषय मिटवायला तयार आहेत.

"चार वळी लिवा की बाई," तो म्हणाला. "काय जातंय तुमचं?"

काय जातं ते मला आता बरोबर माहीत आहे. मी फोन या हातातून त्या हातात घेतला. मी दमलेली आहे, आजही. जून तोंडावर आहे आणि मला नोकरी पाहिजे आहे, त्याच शाळेतली मिळाली तरी चालली असती, दहावीची पोरं माझी आहेत.

मी म्हटलं, "न्हाय लिवत म्हणून सांगा."

"आनि कारन विचारलं तर?"

"कारणबी देत न्हाय म्हणून सांगा."

तो म्हणाला, बघा बाई, परत फोन येणार न्हाय. मी म्हटलं, बरं. फोन ठेवला. माफी मी तिथं लिहिणार नाही. पुढच्या शाळेत कुणी मागितली, तर तिथंही नाही.